दिवसा पोटासाठी, संध्याकाळी पदवीसाठी

हिंगणा एमआयडीसीतली पाळी सुटते. कुणी बसने, कुणी स्कूटरवर, कुणी सायकल हाणत इंदोऱ्याला, रामबागेला, आपापल्या वस्तीला परततो. हातपाय धुऊन चहाचा कप हाती येईपर्यंत घड्याळात सात-साडेसात झालेले असतात. अशा वेळी घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला कॉम्प्युटरची डिग्री करायची आहे.’ आईबापांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘मग नोकरी सोडणार काय?’

वाचकहो, नोकरी सोडण्याची गरज नाही. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात शिक्षण, ही वाट आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तेथे वर्ग सकाळी भरत, ते एवढ्याचसाठी की गरिबाच्या मुलाला वर्ग आटोपून कामावर जाता यावे. गरिबाला बुद्धी कमी नसते, त्याला मोकळी दुपार नसते, हे ज्याने ओळखले त्यानेच कॉलेजचे घड्याळ कामगाराच्या घड्याळाशी जुळवले.

कोणती दारे उघडी आहेत?

संध्याकाळचे कॉलेज प्रत्येक वस्तीजवळ नाही. म्हणून नोकरदारासाठी सर्वांत मोठे दार मुक्त विद्यापीठाचे. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, आणि १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, या दोघांची विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. इग्नूच्या बीसीएला बारावी उत्तीर्ण पुरते. कमीत कमी तीन वर्षे लागतात, पण पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. कामगाराच्या मुलासाठी ही मुदत फार मोलाची आहे.

ज्यांच्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे आणि जे कामावर आहेत, त्यांच्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून नोकरदारांच्या सोयीच्या वेळेत इंजिनिअरिंगचे वर्ग चालवण्याची मुभा कॉलेजांना दिली आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या यादीत जवळचे कॉलेज आहे का, ते आधी पाहावे.

सर्टिफिकेट आणि पदवी

येथेच आपली माणसे फसतात. रस्त्यावरच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असे लिहिलेले असते. आई दागिना गहाण ठेवते, मुलगा वर्षभर जातो आणि हाती एक रंगीत कागद येतो. तो कागद पदवी नव्हे! एमएससीआयटी हा कोर्स उपयोगी आहे, सरकारी नोकरीत तो मागतातही, पण तोही पदवी नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा हक्क विद्यापीठालाच, किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. म्हणून फी भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. पदवीवर नाव कोणत्या विद्यापीठाचे येणार? आणि त्या विद्यापीठाला या अभ्यासक्रमासाठी आयोगाची मान्यता आहे काय? उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर पाहावे. मान्यता असेल, तर दूरशिक्षणाची पदवी नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. ‘घरी बसून केलेली डिग्री’ म्हणून कुणी नाक मुरडले, तर त्याला हे सांगावे.

वेळेचा हिशेब

फी एकदा भरून मोकळे होता येते, वेळ मात्र रोज द्यावा लागतो. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे चार क्रेडिटच्या एका विषयाला १२० तास लागतात. सहा महिन्यांच्या सत्रात असे चार विषय धरले तर ४८० तास झाले, रोजचे दोन तास चाळीस मिनिटे. पाळी करून आलेल्या माणसाला हे जड आहे. पण सत्राला दोनच विषयांची परीक्षा दिली, तर रोजचा एक तास वीस मिनिटे पुरतात. तीन वर्षांऐवजी सहा लागतील. लागू द्या! उशिरा मिळालेली पदवी अर्ध्यावर सोडलेल्या पदवीपेक्षा लाख पटीने बरी.

विषय कठीण आहे काय?

कामावरचा मुकादम आठवा. तो हजेरीपटावरचे एकेक नाव वाचतो, माणूस हजर असेल तर बरोबरची खूण करतो, नसेल तर फुली मारतो, आणि शेवटचे नाव संपेपर्यंत हेच करत राहतो. हे पुन्हा पुन्हा करणे म्हणजे प्रोग्रॅमिंगमधला लूप. हजर की गैरहजर, हा निवाडा म्हणजे इफ-एल्स. एकाच वस्तीत एकाच नावाची दोन माणसे असतात, पण दोघांच्या रेशनकार्डाचा नंबर वेगळा असतो. डेटाबेसमध्ये त्याच नंबराला प्रायमरी की म्हणतात. मूळ कल्पना आपल्या रोजच्या व्यवहारातल्याच आहेत, फक्त त्यांची नावे इंग्रजी आहेत. म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने एक छोटी वही करावी. रोज पाच इंग्रजी शब्द आणि समोर आपल्या भाषेत अर्थ लिहावा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसे प्रोग्रॅमिंग पुस्तक वाचून येत नाही. प्रात्यक्षिकाचा तास चुकवू नये. घरी जुना, वापरलेला संगणक असला तरी सुरुवातीच्या सरावाला तो चालतो.

घराचा वाटा

आता घरच्यांशी दोन शब्द. भाऊ अभ्यासाला बसला की घर पाय न वाजवता वावरते. टीव्हीचा आवाज कमी होतो, आई चहा नेऊन देते. तीच बहीण दिवसभर दुकानात उभी राहून आली आणि पुस्तक उघडून बसली, की स्वयंपाकघरातून हाक येते, ‘आधी भांडे घास!’ सून शिकत असेल तर विचारूच नका. भांड्यांत गेलेला तास त्या मुलीच्या पदवीतून वजा होतो, हे आपण कधी मोजतो काय? भावाने चार दिवस भांडी घासली तर त्याचे हात झिजणार नाहीत. वर्गाहून रात्री नऊला परतणाऱ्या मुलीला बसस्टॉपवरून आणायला घरातल्या कुणी जायचे, हेही वर्ग सुरू होण्यापूर्वी ठरवावे. नाहीतर ‘रात्र होते’ एवढ्या एका कारणावर तिचे शिक्षण थांबते आणि दोष मात्र तिच्यावर येतो.

जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. आपण घेतलेल्या कोर्सला शिष्यवृत्ती किंवा फीमाफी आहे काय, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. विचारायला लाजू नये, तो आपला हक्क आहे.

एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली कायमची बंद पडली. आपल्यापैकी कितीतरी घरांनी त्या भोंग्यावर दिवस मोजले. भोंगा थांबला तेव्हा ज्यांच्या हाती दुसरे काही नव्हते, त्यांचे काय हाल झाले ते वस्तीने पाहिले आहे. आज त्याच नागपुरात मिहानमध्ये मोठमोठ्या संगणक कंपन्या आल्या आहेत. तेथे आपली मुले केवळ फाटकावर पहाऱ्याला उभी राहणार, की आत टेबलाशी बसणार?

आज रात्री जेवण झाल्यावर सर्वांनी एकत्र बसावे आणि एवढेच ठरवावे, की साडेआठ ते दहा हा वेळ कुणाच्या अभ्यासाचा, आणि त्या वेळात तिच्या किंवा त्याच्या वाट्याचे काम कोण करणार.