पोलीस ठाण्याची पायरी चढतांना

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी मराठींत म्हण आहे. वाडवडिलांची मिळकत दिवाणी दाव्यांत घालवून बसलेलीं घराणीं ज्यांनीं पाहिलीं, त्यांना ती पटण्यासारखीच आहे. परंतु फौजदारी कायद्यापुढें ही म्हण निरुपयोगी ठरते. कारण तेथें पायरी चढावी कीं नाहीं, हें माणसाच्या इच्छेवर नसतें. घरफोडी होते, मुलाच्या मोटारसायकलीचा धक्का लागून रस्त्यांतील कोणी जखमी होतो, शेजाऱ्याशीं झालेली बाचाबाची हातघाईवर येते. आणि ज्या घरानें पोलीस ठाणें आजवर बाहेरूनच पाहिलें, त्या घराच्या दारांत शिपाई उभा राहतो.

अशा वेळीं सुशिक्षित कुटुंबांतही पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं पोलिसांत कोणाची ओळख आहे काय? वास्तविक पहिला प्रश्न निराळा असावयास हवा: कोणता कागद मिळाला, आणि तेव्हां किती वाजले होते? कारण पोलिसांच्या हातीं कायद्यानें जे मोठे अधिकार दिले आहेत, त्यांना कागदाची आणि मुदतीची वेसण घातलेली आहे. भारतांत 1 जुलै 2024 रोजीं नवे फौजदारी कायदे अमलांत आले. 1860 च्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें, आणि 1872 च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली. कलमांचे आंकडे बदलले. वेसण मात्र कायम आहे.

आरंभ फिर्यादीपासून होतो. गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत. घरफोडी, दरोडा, अपहरण, खून यांसारखे गुन्हे दखलपात्र होत. त्यांचा तपास पोलीस आपण होऊन करूं शकतात. शिवीगाळ, किरकोळ मारहाण हे अदखलपात्र होत. त्यांची ठाण्याच्या वहींत नोंद होते आणि फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगण्यांत येतें. त्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करतां येत नाहीं. महाराष्ट्रांत लोक जिला ‘एन. सी.’ म्हणतात ती हीच नोंद. ती हातीं पडली म्हणजे तपास सुरू झाला, अशा समजुतींत कित्येक गृहस्थ महिनोन्‌महिने वाट पाहत बसतात. म्हणून आपली फिर्याद कोणत्या वर्गांत नोंदली गेली, हें त्याच वेळीं विचारून घ्यावें.

दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें 2013 सालीं ललिता कुमारी प्रकरणांत स्पष्ट केलें. तीन वर्षें किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र, पोलीस उपअधीक्षकाची परवानगी घेऊन, 14 दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या संहितेनें दिली आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दींत घडला, हें नकाराचें कारण होऊं शकत नाहीं; खबर नोंदवून घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेंही खबर देतां येते. परंतु तीन दिवसांच्या आंत त्यावर सही करावी लागते. सही करण्यापूर्वीं मजकूर वाचून घ्यावा, आणि नोंदीची प्रत मागावी. फिर्यादीला ती विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्यानें नकार दिला, तर तोच मजकूर लिहून टपालानें पोलीस अधीक्षकाकडे, मोठ्या शहरांत उपायुक्ताकडे, पाठवावा. तेथेंही दाद न लागल्यास प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो; त्या वेळीं टपालाची पावती हाच फिर्यादीचा साक्षीदार असतो.

फिर्याद देणाऱ्यानें एक पथ्य पाळावें. जें पाहिलें तें सांगावें. जें ऐकलें तें ऐकलें म्हणून सांगावें. उशीर झाला असल्यास त्याचें कारण लिहावें. रागाच्या भरांत प्रतिपक्षाच्या घरांतील सर्वांचीं नांवें गोवण्याची प्रवृत्ती घातक आहे. उलटतपासणींत एक नांव खोटें ठरलें कीं खऱ्या नांवांवरचाही विश्वास उडतो. आणि जाणूनबुजून खोटी फिर्याद देणें हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलिसांनीं चौकशीस बोलाविलें म्हणजे अटक झाली, असें नव्हे. साक्षीदार म्हणून बोलवावयाचें तर लेखी हुकूम लागतो. आणि स्त्रियांना, 15 वर्षांखालील मुलांना, 60 वर्षांवरील पुरुषांना, अपंगांना व गंभीर आजाऱ्यांना त्यांच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र येण्यास भाग पाडतां येत नाहीं. साक्षीदारानें खरें सांगावें. परंतु ज्या उत्तरामुळें तो स्वतःच गुन्ह्यांत अडकेल, तें देण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. येथें एक भेद विसरूं नये. फिर्यादीवर सही करावयाची असते. तपासांत पोलिसांनीं लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावयाची नसते, तशी मागणीच कायद्याला मान्य नाहीं. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाबही आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं. घराची झडती झाली, तर तिचें दृक्‌श्राव्य चित्रण करणें आतां बंधनकारक आहे.

ज्याच्यावर संशय आहे, परंतु ज्याला अटक करण्याची गरज नाहीं, त्याला हजर राहण्याची लेखी नोटीस मिळते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2025 सालीं बजावलें आहे. नोटिशीप्रमाणें तो हजर राहत गेला, तर सबळ कारणें नोंदविल्यावांचून त्याला अटक होऊं नये. म्हणून ती टाळणें हें सर्वांत मोठें अहित होय.

आतां प्रत्यक्ष अटकेचा प्रसंग. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचें नांव स्पष्ट वाचतां येईल असें असावें. अटकेचा पंचनामा त्याच जागीं व्हावा. त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यांतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही असावी. नातलगाला अथवा मित्राला अटकेची खबर देणें पोलिसांवर बंधनकारक आहे. हे नियम सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं डी. के. बसू प्रकरणांत घालून दिले, आणि पुढें ते कायद्यांत आले. अटकेचीं कारणें आरोपीला समजेल अशा भाषेंत लेखी दिलीं पाहिजेत, असा निर्णय नोव्हेंबर 2025 मध्यें झाला. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं अटक करावयाची नाहीं. अपवादात्मक प्रसंगीं स्त्री-अधिकाऱ्यानें दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. चौकशी चालू असतांना आरोपीला वकिलाची भेट घेतां येते, जरी वकिलाला अखेरपर्यंत शेजारीं बसतां येत नाहीं.

येथून घड्याळ चालूं लागतें. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आंत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढें उभें केलेंच पाहिजे. हा हक्क राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदानें दिलेला आहे. त्या वेळीं मारहाण झाली असल्यास, किंवा अटकेची वेळ चुकीची लिहिली असल्यास, तें तेथल्या तेथें सांगावें. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आणि ज्याला आठवड्याच्या आंत जामीन देतां येत नाहीं त्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावयाचें असतें. अजामीनपात्र गुन्ह्यांत न्यायालयाचा विवेक चालतो. तेथेंही तपासाला मर्यादा आहे: गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणें 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलें नाहीं, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. मात्र दोषारोपपत्र येण्यापूर्वीं अर्ज करावा लागतो. दिवस मोजण्यांत चूक झाली कीं हक्क गेला.

या मुदतींचें महत्त्व काय, हें 1979 सालीं देशानें पाहिलें. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालतां पडून राहिलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न हुसेनारा खातून प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापुढें आला. गुन्हा शाबीत झाला असता तरी जितकी शिक्षा झाली नसती, तितका काळ त्यांतील कित्येकांनीं कोठडींत काढला होता. त्यांच्या वतीनें दिवस मोजणारें कोणी नव्हतें. विनामूल्य वकील मिळणें हा आरोपीचा हक्क आहे, असें त्याच प्रकरणांत ठरलें. आज 1987 च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडींतील सर्व माणसें यांना असा वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर दूरध्वनि करून त्याची चौकशी करतां येते.

हें सारें ज्ञान आज आणखी एका कारणासाठीं घरोघरीं हवें आहे. पोलीस किंवा मोठ्या तपास यंत्रणेचे अधिकारी असल्याची बतावणी करून भामटे दूरध्वनि करतात. पार्सलांत अमली पदार्थ सांपडल्याची थाप मारतात, ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचें सांगून माणसाला तासन्‌तास पडद्यापुढें बसवितात, आणि आयुष्याची पुंजी काढून घेतात. अशा फसवणुकींत उच्चशिक्षित आणि निवृत्त माणसेंही सांपडलीं आहेत. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. खरी अटक साक्षीदारांदेखत होते, तिची खबर नातलगांना देण्यांत येते, आणि ती 24 तासांत न्यायालयापुढें जाते. भामट्याची पहिली अट अशी असते कीं घरांत कोणाला सांगूं नका. या एका वाक्यावरूनच खोटें ओळखावें, दूरध्वनि बंद करावा, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावतां 1930 या क्रमांकावर कळवावें.

कायद्यानें दिलेली वेसण आपोआप ओढली जात नाहीं. ती कोणीतरी हातीं धरावी लागते. त्यासाठीं घरांतील निदान एका माणसानें शांतपणें तारीख, वेळ, अधिकाऱ्याचें नांव आणि मिळालेले कागद यांची वहींत नोंद ठेवावी, आणि ती वही वकिलापुढें ठेवून त्याला सर्व सत्य सांगावें. ओळखीच्या माणसाची बदली होते. प्रत आणि पावती मात्र खटला संपेपर्यंत उपयोगीं पडतात.