खाटेखालची ट्रंक



एरवी या वेळेला मी तुमच्याशी हप्ता, व्याज, ठरावाची वही असलंच बोलते. आज जरा वेगळं. माझ्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात साड्या नाहीत, भांडी नाहीत. तिच्यात बैठे खेळ आहेत. पट, सोंगट्या, कवड्या, फासे, पत्ते. बी.ए.ला असताना आजीच्या चार कवड्या मागून घेतल्या, तिथून ही जमवाजमव सुरू झाली. बाजारात जुन्या सामानात दिसला म्हणून एखादा खेळ घेतला, कुणी माळ्यावरून काढून दिला. आता ट्रंकेचं झाकण बसत नाही.

सासूबाई आधी म्हणायच्या, "रिकामपणचे उद्योग." बाईनं दुपारी पाच मिनिटं पट मांडला की लगेच कुणीतरी विचारतं, कामं झाली का गं? पुरुष पारावर पत्ते कुटत बसले तर कोणी विचारत नाही. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळताना कोरलेत. आपल्याकडच्या कथेत तर खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट हरतो आणि पैजेपायी बारा वर्षं बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला जातो. म्हणजे देवीनं पट मांडलेला चालतो! असो. आता चल्लस मांडला की माझी सोंगटी मारायला सासूबाईच सगळ्यांत पुढे असतात.

चल्लस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण त्याला पैसा लागत नाही. कुठे त्याला चौकाबारा म्हणतात, कुठे आणखी काही. ओट्यावर खडूनं उभी पाच, आडवी पाच अशी पंचवीस घरं काढायची. चारी बाजूंच्या मधल्या घरात एकेक फुल्ली, आणि अगदी मधोमध एक. चौघी चार बाजूंना बसायच्या. समोरची फुल्ली ते आपलं घर. प्रत्येकीच्या चार सोंगट्या: बांगड्यांचे तुकडे, खडे, तुरीचे दाणे, काहीही, फक्त एकीच्या दुसरीत मिसळायला नकोत. फासे म्हणून चार कवड्या. नसल्या तर दोन चिंचोके मधोमध फोडा, चार फाका झाल्या. पाठ काळी, पोट पांढरं.

चारही एकदम टाकायच्या. जितकी पांढरी पोटं वर, तितकं दान. चारही पांढऱ्या म्हणजे चौका. चारही पालथ्या म्हणजे आठ. चौका किंवा आठ पडला की पुन्हा टाकायचं. सोंगटी आपल्या घरातून उजव्या हाताला निघते, बाहेरच्या रांगेनं पूर्ण फेरी मारते, मग आतल्या रांगेत शिरून उलट्या दिशेनं फिरते आणि शेवटी मधल्या फुल्लीवर पोचते. वाटेत दुसरीच्या सोंगटीवर आपलं दान पडलं की ती मेली. ती तिच्या घरी परत जाते, पुन्हा पहिल्यापासून चालायला लागते. मारणारीला एक दान जास्त. फुल्लीवर उभी असलेली मात्र मारता येत नाही. आणि आतल्या रांगेत शिरायचं असेल तर आधी कुणाची तरी एक सोंगटी मारलेली हवी. म्हणजे नुसतं जपून जपून चाललं तर आयुष्यभर बाहेरच फिरत राहाल.

आता एक गंमत, जी मला खूप वर्षं खेळल्यावर कळली. चिंचोक्याच्या चार फाका सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यातल्या सहा तऱ्हांत दोन पांढऱ्या येतात. एक येतो चार तऱ्हांत, तीन येतो चार तऱ्हांत. चौका एकाच तऱ्हेत आणि आठही एकाच. खोटं वाटत असेल तर कागदावर मांडून बघा. म्हणून शत्रूच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर कधी उभं राहू नका, तिथे मरण सगळ्यांत जवळ. चार घरं पुढे उभं राहिलात तर भीती बरीच कमी. माझ्या आजीला सोळा तऱ्हा ठाऊक नव्हत्या, पण ती दोन घरांवर कधी उभी राहायची नाही. विचारलं तर म्हणायची, "तिथं ऊन लागतं." कवड्यांचं थोडं निराळं आहे, प्रत्येक कवडीचा कल वेगळा. आजीच्या चारांतली एक जवळजवळ नेहमी पालथी पडते, आणि ती कोणती हे मी गटात कुणाला सांगितलेलं नाही.

मुलं मोबाईलवर लुडो खेळतात ना, तोही आपल्याच पचिशीचा इंग्लंडला जाऊन आलेला अवतार. तिकडे 1896 साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या गेल्या आणि सहा बाजूंचा एक फासा आला. त्यात सहाही आकडे सारखेच पडतात, त्यामुळे कुठल्या घरावर ऊन लागतं हा विचारच गेला. मला लुडो अळणी लागतो तो त्यामुळे.

चल्लसमधली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोंगटी मरते, पण बाई डावातून उठत नाही.

आता व्यापार. नोटा, शहरांची कार्डं, घरं, हॉटेलं असलेला तो चौकोनी पट. पुष्कळ घरांत त्याला नवा व्यापार म्हणतात. एका पावसाळ्यात गटाची मीटिंग होती, बाहेरून माहिती द्यायला एक साहेब यायचे होते, ते काही आले नाहीत. बायका कामं टाकून आलेल्या. मी घरून व्यापार आणला. सहाजणी खेळायला, बाकीच्या सल्ला द्यायला.

आमच्या एका काकूंनी पहिल्याच फेरीत मुंबई घेतली आणि तिच्यावर भराभर घरं चढवली. त्यांना लिहिता येत नाही, हिशेब मात्र तोंडी, आणि चुकत नाही. एक तरुण सभासद दोनदा मुंबईवर जाऊन पडली. पहिल्यांदा भाडं दिलं. दुसऱ्यांदा तिची शहरं गहाण पडली. तिसऱ्या वेळी दुसऱ्याच शहरावर थोडंसं भाडं द्यायचं होतं, तेवढंही उरलं नव्हतं. नियम असा की पैसे संपले की बाहेर. तिनं हातातली दोन कार्डं पटावर ठेवली आणि हसत म्हणाली, "घरी तरी दुसरं काय चाललंय?"

आम्ही हसलो. मग ती बोलायला लागली. तिनं बाहेरून एक कर्ज घेतलं होतं, आठवड्याच्या हप्त्याचं. तो हप्ता भागवायला दुसरीकडून दुसरं घेतलं. मंगळसूत्र गहाण होतं, गळ्यात होतं ते खोटं. चार वर्षं ती आमच्या गटात होती, एकही बचत चुकवलेली नव्हती, आणि आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि माझं कामच ते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुंबईवाल्या काकू खेळाबद्दलच बोलल्या. "हिला बाहेर काढलं, उद्या दुसरीला काढलं, मग मला भाडं कोण देणार? मी काय एकटीच फिरत बसू या पटावर?"

आणि बायकांनी नियम बदलला. सुरुवातीचं घर ओलांडलं की बँकेकडून जे पैसे मिळतात, त्यातले शंभर मधे एका वाटीत टाकायचे. जिची वेळ येईल तिनं वाटीतून उचल घ्यायची आणि पुढच्या फेऱ्यांत परत टाकायची. वाटी आमच्या चहाचीच. अंधार पडेपर्यंत डाव चालला. कुणी जिंकलं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही.

त्या रात्री मी या खेळाचं मूळ शोधत बसले. जगभर तो मोनोपॉली नावानं खेळतात, आपला व्यापार त्याच्याच चालीवरचा. पण तो निघाला कुठून? अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाची बाई होती, 1866 सालची. लघुलेखनाचं काम करून पोट भरणारी, बरीच वर्षं अविवाहित. जमीन थोड्या लोकांच्या हातात गेली की भाडं भरणारे गरीब होत जातात, हे तिला लोकांना समजावून सांगायचं होतं. भाषण कोण ऐकतं? तिनं खेळ केला. 1904 साली तिला त्याचं पेटंट मिळालं. नाव ठेवलं जमीनदाराचा खेळ. पटाच्या एका कोपऱ्यावर, आज जिथून आपण निघतो तिथे, धरणीमातेवर केलेल्या मेहनतीतून मजुरी मिळते अशा अर्थाचे शब्द होते आणि ते घर ओलांडलं की मजुरी मिळायची.

आणि तिनं नियम दोन तऱ्हांचे केले होते. एका तऱ्हेत एकजण सगळं गिळतो आणि बाकीचे बाहेर. दुसऱ्या तऱ्हेत जमिनीचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जायचं, आणि सगळ्यांत कमी पैशाच्या खेळणाऱ्याची रक्कम दुप्पट झाली की सगळेच जिंकले! हे वाचलं तेव्हा मला आमची चहाची वाटी आठवली. काकूंनी मॅगीचं नाव कधी ऐकलेलं नाही.

पुढे तो खेळ घरोघरी हातानं काढून खेळला गेला, बदलत गेला. 1935 साली चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थानं तो आपला म्हणून पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला. कंपनीनं मॅगीचं पेटंट 500 डॉलरला घेतलं. डॅरो श्रीमंत झाला. मॅगीला विक्रीतला वाटा नाही, खोक्यावर नाव नाही. ती 1948 साली गेली. पुढे सत्तरच्या दशकात एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा याच खेळाच्या नावावरून खटला झाला, त्यानं जुनी कागदपत्रं उकरली, तेव्हा कुठे तिची गोष्ट बाहेर आली. आणि जगभर पोचली ती तिच्या नियमांची पहिली तऱ्हा. दुसरी मागे पडली.

एक परदेशी खेळ ट्रंकेत आहे, पुण्याच्या भाचीनं दिलेला. कॅटन. 1995 साली जर्मनीत निघाला, करणारा क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करायचा. त्यात गहू, लोकर, विटा, लाकूड असलं मिळतं आणि अडलं की एकमेकींशी अदलाबदल करायची. शेवटपर्यंत कुणी बाहेर जात नाही. आमच्या बायका अदलाबदलीत इतक्या घासाघीस करतात की एक डाव दोन मीटिंगा चालतो. महाग आहे, विकत घ्या म्हणणार नाही.

त्या सभासदाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. गटानं ठराव करून तिला अंतर्गत कर्ज दिलं, दोनातलं एक कर्ज बंद झालं. दुसरं अजून चालू आहे. मंगळसूत्र सुटायचंय. ती मीटिंगला येते आणि आता हप्त्याची तारीख मोठ्यानं सांगते.

माझी ट्रंक भरली, पण मला आता खेळांपेक्षा नियम जमवायचेत. आजीच्या वयाच्या बायकांना विचारा: तुमच्या माहेरी किती पांढऱ्यांना काय मोजायचे, मेलेली सोंगटी कुठून निघायची, जोडीनं चालणाऱ्या सोंगट्या मारता यायच्या का. आमच्या शेजारच्या गावात तर एक पांढरा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. वहीत लिहून ठेवा, पुढच्या मीटिंगला आणा. चिंचोकेही आणा, आमच्याकडचे मुलांनी भाजून खाल्ले.

आणि हो, मुंबईवाल्या काकूंनी नंतरच्या एका डावात वाटीतून तीनशे उचलले होते. ते अजून परत टाकलेले नाहीत. वही माझ्याकडे आहे.