गाडी येते, लायसन्स कधी?

आजच्या भागात आपण दुचाकीच्या लायसन्सबद्दल बोलणार आहोत. म्हणजे पक्क्या लायसन्ससाठी आरटीओच्या साहेबांसमोर गाडी चालवून दाखवावी लागते, त्या परीक्षेबद्दल.

गटाच्या कर्जातून कितीतरी जणींनी स्कूटी घेतली. डेअरीवर दूध घालायचं, बाजारात भाजी न्यायची, बँकेत हप्ता भरायचा, सगळं आता गाडीवर होतं. पण बैठकीत "लायसन्स कुणाकुणाकडे आहे?" असं विचारलं की दोन-तीनच हात वर होतात. बाकीच्या म्हणतात, "ताई, गाडी तर येते की. कागदाचं काय एवढं?"

तर कागदाचं काय, ते आधी सांगते. गाडी तुमच्या नावावर असली की तिच्या विम्यात सहसा मालक-चालकाचं 15 लाख रुपयांचं अपघात संरक्षण असतं. तुमच्या पॉलिसीवर ते आहे का, एकदा वाचून बघा. गाडी चालवताना मालकिणीचा जीव गेला, तर हे पैसे घरच्यांना मिळतात. पण अट अशी, की अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू लायसन्स पाहिजे. ते नसेल तर हप्ते भरूनही हातात काही येत नाही आणि गटाचं कर्ज मात्र घरावर राहतं. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला लागलं तरी तसंच. विमा कंपनीनं जखमी माणसाला भरपाई दिली, तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. 2019 साली कायदा बदलल्यापासून विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड 5 हजार रुपयांपर्यंत आहे, तो वेगळाच.

आता तयारीकडे येऊ. आधी शिकाऊ लायसन्स काढायचं. त्याची परीक्षा संगणकावर असते आणि मराठीतून देता येते. वय 40 च्या पुढे असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. अर्जात डोळ्यांबद्दल एक प्रश्न असतो: 25 मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट स्पष्ट वाचता येते का? घरीच करून बघा. साधारण 35 पावलं मोजा, एक-एक डोळा झाकून नंबर वाचा. अडखळलात तर आधी चष्मा करून घ्या. चष्मा लावून वाचता आलं तरी चालतं.

शिकाऊ लायसन्स 6 महिने चालतं. ते मिळाल्यावर 30 दिवस झाले की पक्क्या परीक्षेला बसता येतं. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. शिकताना मागे बसवायचंच तर लायसन्स असलेलं, शिकवणारं माणूस बसवायचं. लेकराला शाळेत सोडणं किंवा जावेला बाजारात नेणं पक्कं लायसन्स हातात आल्यावर.

अर्ज करतानाच एक गोष्ट ठरवावी लागते: विनागिअर की गिअरची गाडी? स्कूटीवर परीक्षा दिली तर लायसन्स विनागिअरचं मिळतं. मग घरातली मोटारसायकल त्यावर चालवता येत नाही. अडीअडचणीला मालकांची मोटारसायकल काढावी लागत असेल, तर गिअरचाच अर्ज करा आणि परीक्षेला गिअरचीच गाडी न्या. गिअरचं लायसन्स असलं की स्कूटीही चालवता येते.

आता मुख्य परीक्षा. गाडी येणाऱ्या बायाही इथे नापास होतात. कारण आपली सवय सरळ रस्त्याची असते. गावातून निघालं की तालुक्यापर्यंत सरळ, थोडा वेग, तोल आपोआप राहतो. परीक्षेत नेमकं उलटं असतं. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी सावकाश फिरवायची, पाय टेकवायचा नाही आणि रेषेबाहेर जायचं नाही. हे उगाच काढलेलं नाही. बाजारात गर्दी असते, गल्लीत म्हैस आडवी येते, समोरून ट्रॅक्टर येतो. तिथे आपल्याला सावकाश गाडीच सांभाळावी लागते, आणि सावकाश गाडीच जास्त पडते.

सराव असा करा. रविवारी शाळेच्या मैदानावर परवानगी घेऊन फक्कीनं दोन गोल शेजारी शेजारी आखा. पहिले दोन-तीन दिवस गोल मोठे ठेवा, दहा-बारा पावलं रुंद. जमायला लागलं की लहान करत न्या. स्कूटी असेल तर ॲक्सिलरेटर थोडासा, एकसारखा चालू ठेवायचा. तो पूर्ण सोडला की गाडी मरगळते आणि पुन्हा पिळला की हिसका बसतो, तिथेच पाय खाली येतो. वेग आवरायचा तो डाव्या हाताच्या मागच्या ब्रेकनं, अगदी हलका दाबून. वळणात उजव्या हाताचा पुढचा ब्रेक जोरात लावू नका, गाडी आडवी होते. गिअरची गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच थोडा दाबून आणि उजव्या पायाचा मागचा ब्रेक हलका ठेवून फिरवा.

आणि नजर! बहुतेक जणी पुढच्या चाकाकडे बघतात. गाडी नजरेमागे जाते. वळायचं असेल तिकडे, चार हात पुढे बघा. मान वळली की खांदे वळतात आणि हँडल आपोआप वळतं. रोज पंधरा मिनिटं, दोन्ही बाजूंनी वळून सराव केला तर आठ-दहा दिवसांत अंग सैल होतं.

परीक्षेत तोलाबरोबर तुमच्या सवयीही बघतात. निघण्याआधी आरसा बघा, मान वळवून मागे नजर टाका. वळण्याआधी इंडिकेटर द्या आणि वळल्यावर आठवणीनं बंद करा. हातानं करायच्या खुणाही विचारतात. त्या सगळ्या उजव्या हाताच्या. उजवीकडे वळताना हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळताना हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट्या दिशेनं गोल फिरवायचा. वेग कमी करताना तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली. थांबताना हात कोपरातून वर उभा. स्वयंपाक करता करता चार वेळा केल्या की पाठ होतात.

परीक्षेच्या दिवशीचं आता ऐका. तारीख 'सारथी' संकेतस्थळावरून घ्यायची. बऱ्याच तालुक्यांत ठरलेल्या दिवशी आरटीओचं शिबिर असतं. ते गाठलं तर जिल्ह्याला जाण्याचा खर्च वाचतो. पिशवीत शिकाऊ लायसन्स, अर्ज आणि पैसे भरल्याची पावती, गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी ठेवा. आदल्या दिवशी हॉर्न, दिवे, इंडिकेटर, ब्रेक आणि चाकातली हवा तपासा. आरसे काढून ठेवले असतील तर बसवून घ्या. साडी नेसणार असाल तर पदर खोचून पिन लावा, ओढणी मागे गाठ मारून बांधा. चपलेपेक्षा पट्ट्याचे सँडल किंवा बूट बरे. हेल्मेट आयएसआय खुणेचं, पट्टा लावलेलं. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून त्या दिवशी खाली वेणी घाला. सरावही त्याच कपड्यांत आणि हेल्मेट घालूनच करा, म्हणजे ऐनवेळी अवघडल्यासारखं होत नाही.

नापास झालात तर लाज वाटून घेऊ नका. 7 दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा जमलं नाही तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात शिकाऊ लायसन्सचे 6 महिने संपणार नाहीत ना, ते बघा. म्हणून पहिली तारीख शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

शेवटचं, पैशांचं. केंद्राच्या नियमात एका प्रकारच्या गाडीचं शुल्क असं आहे: शिकाऊ लायसन्सचे 150, त्या परीक्षेचे 50, गाडी चालवण्याच्या परीक्षेचे 300 आणि पक्क्या लायसन्सचे 200. सगळे मिळून 700 रुपये, वर टपाल वगैरेचा खर्च. कुणी काही हजार मागून "तुम्हाला गाडी चालवावीच लागणार नाही" म्हणालं, तर नमस्कार करून पुढे जा. ते पैसे तर जातातच, शिवाय सावकाश गाडी वळवायला आपण शिकतच नाही. ती गरज रस्त्यावर रोज पडते.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला दोन गोष्टी करा. ज्यांच्याकडे शिकाऊ लायसन्स आहे त्यांनी ते घेऊन या, संपायची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवू. आणि फक्कीची एक पिशवी आणा. बैठक संपली की मैदानावर आठ आखू. जिला येतं तिनं दुसरीला शिकवायचं, हप्ते भरताना करतो तसंच.