पहिल्या ओळीतला सवाल

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळतीला लागला की गौतमपुऱ्याच्या मैदानात माणसे एकमेकांवर पेटती फळे फेकू लागतात.

एवढे वाचले की कसली फळे आणि कशासाठी, हे प्रश्न आपसूक येतात. गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तालुक्यातले गाव. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून त्याचे नाव पडले. फळ हिंगणबेटाचे. आतला गर काढून ते वाळवायचे, त्यात बारूद ठासायची, तोंड मातीने लिंपायचे आणि नेम साधावा म्हणून बांबूची काडी बांधायची. याला तिथे हिंगोट म्हणतात. एका बाजूला गौतमपुऱ्याचे ‘तुर्रा’ दल, समोर रुणजी गावाचे ‘कलंगी’. हीच माहिती ‘भारत हा सणांचा आणि परंपरांचा देश आहे’ अशीही सुरू करता येते. मग पेटते फळ सातव्या ओळीत उगवते, आणि तोवर वाचक निघून गेलेला असतो.

लिंक्डइन या व्यावसायिकांच्या माध्यमावर हे निघून जाणे फार लवकर होते. 2003 मध्ये सुरू झालेल्या या माध्यमावर एका पोस्टला 3000 अक्षरचिन्हांची मुभा आहे. पण समोर दिसतात साधारण पहिल्या तीन ओळी. उरलेले सगळे ‘सी मोअर’च्या आड. त्यावर बोट टेकवायचे की अंगठ्याने पुढे सरकायचे, हे त्या तीन ओळींवर ठरते.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण इथे आणखी वाढते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘आमच्या संस्थेने ग्राहकांच्या वाढत्या गरजा लक्षात घेऊन, गुणवत्तेशी कोणतीही तडजोड न करता, अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने…’ इथवर ओळी संपल्या, आणि संस्थेने नेमके काय केले ते पडद्याआड राहिले. शिवाय संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळे वेगळे मोजतो. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडच्या हिशेबात सहा चिन्हे. एक्सवरच्या 280 चिन्हांच्या मर्यादेत ही गोष्ट चांगलीच जाणवते. म्हणून मराठी पोस्टचे पहिले वाक्य आखूड हवे आणि त्याचे क्रियापद लवकर यायला हवे. अनेकांची जुनी ऑफिसी सवय नेमकी याच्या उलट आहे.

समजा, गौतमपुऱ्याच्याच पट्ट्यातला एक तरुण शेतकऱ्यांचा बटाटा गोळा करून इंदूरच्या वेफर्स कारखान्यांना पोचवतो. त्याने प्रतवारीचे यंत्र घेतले आणि पोस्ट लिहिली: ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की…’ आनंद त्याचा आहे, वाचणाऱ्या कारखानदाराला त्यातून काहीच मिळत नाही. आता हे पाहा: ‘बटाट्याचा एक ट्रक निवडायला आम्हाला दिवस लागायचा. आता तो दुपारच्या जेवणाआधी इंदूरच्या वाटेला लागतो.’ यंत्राचे नाव अजून आलेले नाही, तरी ज्याला वेळेवर माल हवा तो थांबणार. बातमी तीच आहे, फक्त ती शेवटून उचलून पुढे आणली.

वाचक का थांबतो, याची उकल अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचे आहे त्यातली फट जाणवली की कुतूहल जागे होते, असे त्यांचे म्हणणे. फट जाणवायला आधी थोडे तरी कळावे लागते. ‘हिंगोट युद्धाला यंदाही उत्साहात प्रारंभ’ या ओळीने नवख्याला काहीच सापडत नाही; ‘पेटती फळे’ म्हटले की अर्धे चित्र उभे राहते आणि उरलेले अर्धे तो शोधू लागतो.

मराठी माणसाला ही युक्ती परकी नाही. गौतमपुऱ्यातल्या दलांची नावे ऐकून आपल्या शाहिरांचा कलगीतुरा आठवतोच. तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे. भेदिक शाहिरीत एक फड कूट सवाल टाकतो आणि त्याची उकल ऐकायला प्रेक्षक रात्रभर बसून राहतात. वृत्तपत्रातही हेच चालले. 6 जुलै 1897 च्या ‘केसरी’त टिळकांच्या अग्रलेखाचे शीर्षक होते ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतरचे ते दिवस. त्या प्रश्नात एकही अवघड शब्द नाही. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे आणि तो ते पुढे देणार आहे, हेही त्यातच कळते.

आजच्या कित्येक पोस्टमध्ये नेमके हे शेवटचे हरवले आहे. ‘हे वाचून तुमची झोप उडेल’ म्हणायचे आणि खाली कोर्सची जाहिरात चिकटवायची. लाइक, शेअर, टॅग यांची भीक मागणाऱ्या पोस्ट मागे ढकलू, असे फेसबुकने डिसेंबर 2017 मध्ये जाहीर केले होते. कंपनीने ढकलो न ढकलो, व्यवसायात फसवी पहिली ओळ महागच पडते, कारण वाचणारा उद्याचा ग्राहक असतो आणि नाव लक्षात ठेवतो. गौतमपुऱ्याबद्दल लिहितानाही ही जबाबदारी आहे. तिथे दरवर्षी माणसे भाजतात. 2017 मध्ये एकाचा जीवही गेला. ‘रक्तरंजित खेळ’ अशी ओळ टाकून खाली सहलीचे पॅकेज विकणे हे एखाद्या घरच्या दुःखाचे आमिष करणे आहे. त्या मृत्यूबद्दल लिहायचे असेल, तर पूर्ण पोस्ट त्याच्याबद्दल हवी.

इंदूर, पुणे, नाशिक, जिथे कुठे तुमचा उद्योग असेल, तिथून तुम्ही टाकलेली शेवटची पोस्ट आज मोबाइलवर उघडा. पहिले वाक्य झाकून दुसऱ्यापासून वाचा. काहीच बिघडले नाही असे वाटले, तर ते पहिले वाक्य खोडून टाका.