सेलेनियम टेट्राक्लोराइड : सूत्र एक, रूपे तीन

ऑक्सिजनच्या कुटुंबात गंधकाच्या खालच्या घरात सेलेनियम हे मूलद्रव्य बसते. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि गान यांना ते सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातील गाळात सापडले. प्रथम ते टेल्युरियमच असावे असा समज झाला. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून आलेले, म्हणून बर्झेलियसने त्याच्या या भावंडाला चंद्राचे ग्रीक नाव दिले.

या मूलद्रव्याचे क्लोरीनशी होणारे एक संयुग म्हणजे सेलेनियम टेट्राक्लोराइड. ‘सेलेनियमचा एक अणू, क्लोरीनचे चार’ एवढे पाठ करून आपले विद्यार्थी पुढे जातात. परंतु सूत्र म्हणजे पदार्थ नव्हे, हे दाखविणारे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

कृती सांगायला सोपी आहे. काचेच्या नळीत सेलेनियम तापवून त्यावरून कोरडा क्लोरीन वायू सोडतात. प्रथम तांबूस-तपकिरी, तेलकट द्रव दिसतो. हा मोनोक्लोराइड. क्लोरीन चालूच ठेवला की त्याचे फिकट पिवळसर स्फटिक बनतात. हेच टेट्राक्लोराइड. ७९ ग्रॅम सेलेनियमला सुमारे १४२ ग्रॅम क्लोरीन लागतो. हा पदार्थ सुमारे १९० अंश सेल्सिअसला न वितळताच वाफ होतो आणि नळीच्या थंड भागावर पुन्हा जमतो. या गुणामुळे सेलेनियम शुद्ध करण्यासाठीही त्याचा उपयोग करता येतो.

आता खरी गंमत पाहा. घन अवस्थेत चार घटक एकत्र येऊन घनाकृती बांधणी करतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर सेलेनियम आणि क्लोरीन आलटून पालटून बसतात. प्रत्येक सेलेनियमला बाहेरच्या बाजूने तीन क्लोरीन जवळ चिकटलेले असतात, तर घनातील तीन क्लोरीन जरा दूर असतात. वाफेत मात्र ही बांधणी राहत नाही. इतकेच नव्हे, एकटा रेणूही टिकत नाही. त्याचे डायक्लोराइड आणि क्लोरीन असे दोन तुकडे होतात. थंड होताच ते पुन्हा एक होतात. नवसागर तापविला असता अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होऊन थंड जागी पुन्हा नवसागर जमतो, तसाच हा प्रकार.

शेजाऱ्यांशी तुलना केली तर हा स्वभाव नीट कळतो. गंधकाचे टेट्राक्लोराइड शून्याखाली ३० अंशांच्या वर टिकतच नाही. टेल्युरियमचे मात्र वाफेतही अखंड राहते. सेलेनियम हा मधला भाऊ; घनरूपात टिकतो, वाफेत फुटतो.

तिसरे रूप पाण्याशी गाठ पडल्यावर दिसते. आपले अळणावर मलनाडाच्या तोंडाशी आहे. पावसाळ्यात घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पण ते मीठ वाळविले की परत मिळते. टेट्राक्लोराइडची बाटली त्या हवेत उघडी राहिली तर ते परत मिळणार नाही. त्याचा एक रेणू पाण्याच्या तीन रेणूंशी संयोग पावून सेलेनियस आम्लाचा एक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार रेणू देतो. मीठ भिजते, हे संयुग नाहीसे होते. म्हणूनच कृतीत ‘कोरडा’ या शब्दाला फार महत्त्व आहे.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. क्लोरीन आणि सेलेनियमची संयुगे दोन्ही विषारी आहेत. सेलेनियम शरीरात गेले की श्वासाला लसणासारखा वास येतो. धूर ओढून घेणारे कपाट आणि अनुभवी अध्यापक असल्याशिवाय हा प्रयोग कोणीही करू नये. वर्गात दाखवायचे असेल तर थोडासा नवसागर परीक्षानळीत तापवावा. वाफेत तुटणे आणि थंडीत जुळणे त्यातही समजते.

सूत्र अणूंचे प्रमाण सांगते. ते अणू कसे बसले आहेत, तापविल्यावर काय होते, पाणी लागल्यावर काय उरते, हे त्यात लिहिलेले नसते. पुढच्या वेळी वहीत एखादे सूत्र उतरवाल तेव्हा शेजारी एवढे जरूर विचारा : घन, द्रव की वायू? कोरड्या हवेत की दमट?