तेराव्या गड्याची गरज

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाईल गेममध्ये पन्नास जणांपर्यंतची टोळी, म्हणजे क्लॅन, करता येते. डिसेंबर 2017 पासून त्यात 'क्लॅन गेम्स' नावाचा सामुदायिक डाव लागतो. सगळ्यांनी मिळून 50,000 गुण जमवले की सर्वांत वरचं बक्षीस उघडतं. पण एका गड्याला सहसा 4,000 पेक्षा जास्त गुण मिळवताच येत नाहीत. बारा जणांनी जिवाचं रान केलं तरी बेरीज 48,000 वर अडते. तेरावा हवाच. मग परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात दुकान सांभाळत खेळणारा पट्टीचा गडी असो की रात्री दोनपर्यंत जागणारा कॉलेजकुमार, त्याला त्या आळशी तेराव्याच्या मागे लागावंच लागतं: "अरे बाबा, एखादं तरी चॅलेंज कर!"

मला या डावात रस आहे तो त्या 4,000 च्या मर्यादेमुळे. तगड्याला कमकुवताची गरज पडेल, अशी सोय तिने करून ठेवली आहे.

अशी सोय नसली की काय होतं, ते अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पाहिलं. चौघांना प्रत्येकी 20 टोकनं द्यायची. सामाईक भांड्यात टाकलेल्या एका टोकनामागे चौघांनाही 0.4 मिळतं. गटाच्या हाती मिळून 1.6 येतात, टाकणाऱ्याला मात्र 0.6 चा तोटा. सुरुवातीला लोक साधारण निम्मी टोकनं टाकतात. दहाव्या फेरीपर्यंत भांडं जवळजवळ कोरडं पडतं. माणसं मुळात लबाड म्हणून? तसं नाही. 2001 च्या एका अभ्यासात निव्वळ फुकटे सुमारे एक तृतीयांश निघाले. निम्म्या लोकांचं म्हणणं एवढंच होतं, की दुसरा टाकेल तर मीही टाकीन. फुकट्यांकडे बघून हे निम्मे हात आखडते घेतात आणि सगळा डाव बसतो. पदरचे पैसे घालून फुकट्याला दंड करायची मुभा दिली, तेव्हा भांडं पुन्हा भरू लागलं. क्लॅनच्या लीडरकडे असलेलं हकालपट्टीचं बटण त्याच जातीचं. पण दंडाचा भरवसा सगळीकडे धरता येत नाही. सोळा शहरांत झालेल्या याच प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये आले, त्यात अथेन्स आणि मस्कतमध्ये जास्त टाकणाऱ्यांनाही दंड बसलेला दिसला! गावच्या राजकारणात वावरलेल्या कोणाला याचं आश्चर्य वाटू नये.

सेलूकरांचं खरं सामाईक भांडं तालुक्यातच आहे. ब्रह्मवाकडीजवळ दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्प उभा आहे. उपयुक्त साठा सुमारे 242 दशलक्ष घनमीटर. कालव्याची गोष्ट क्लॅनच्या नेमकी उलट. इथे वरच्या अंगाला शेत असलेल्याला टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्याची काहीच गरज नसते. आवर्तन सुटलं की पाणी आधी त्याच्या बांधाशी येतं. त्याने चारी दोन दिवस जास्त चालवली तर टेलला ओल तेवढी पोचते, आणि टेलवाल्याच्या हातात निवेदन देण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम (2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या सिंचन व्यवस्था तपासल्या, तेव्हा एक चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आली. पक्क्या बांधकामाच्या कालव्यांपेक्षा दगड-फांद्यांच्या कच्च्या बंधाऱ्यांवर टेलपर्यंत पाणी जास्त चांगलं पोचत होतं. कच्चा बंधारा पुरात वाहून जातो, दरवर्षी नव्याने बांधावा लागतो, आणि ते वरच्या मूठभरांच्या आवाक्यातलं काम नसतं. टेलची माणसं श्रमाला यायला हवीत तर त्यांना पाणी द्यावं लागतं. काँक्रीट आलं आणि ही गरजच संपली. इंजिनिअर मंडळींना हे रुचायचं नाही, पण सुधारणेने इथे तेरावा गडी बिनकामाचा केला.

याचा अर्थ धरण फोडा असा नव्हे. गरज नियमांनीही निर्माण करता येते. धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत प्रत्येक फडात, म्हणजे शेतांच्या गटात, एकच पीक ठरतं, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. पाणी वाटणारा पाटकरी सगळ्यांचा. कोणी आपल्या शेताला परस्पर पाणी घ्यायचं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या, त्या ओझरला, म्हणजे टेलकडच्या गावात. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने ते काम उभं केलं. पुढे 2005 च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून द्यायची तरतूद केली. मोजून दिलं की मर्यादा आली, 4,000 गुणांसारखीच.

जमिनीखालचं पाणी याहून अवघड. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी मावतं ते जेमतेम एक ते तीन टक्के पोकळीत. म्हणजे शिवारभर दोन सेंटिमीटर जाडीचा थर उपसला तरी विहिरींची पातळी मीटरभर खाली जाऊ शकते. आणि कोणाच्या बोअरने किती ओढलं, ते दाखवणारी गुणपट्टी कुठेच नसते. आंध्रात संशोधक रूथ माइनझेन-डिक आणि सहकाऱ्यांनी यावर गावकऱ्यांना चक्क खेळायला बसवलं. प्रत्येकाने कमी पाण्याचं किंवा जास्त पाण्याचं पीक निवडायचं. दर फेरीनंतर सामाईक पातळी सगळ्यांसमोर जाहीर. खेळ संपला की त्यावर गावाची चर्चा. पुढच्या पाहणीत दिसलं, की जिथे हा खेळ झाला त्या गावांत भूजलाचे नियम ठरण्याचं प्रमाण जास्त होतं.

कालव्यासाठीही असा खेळ तयार आहे. कोलंबिया आणि थायलंडच्या खेड्यांत तो पाच-पाच जणांत खेळवला गेला. आधी सामाईक कालव्याच्या डागडुजीसाठी सगळ्यांनी टोकनं टाकायची, मग पहिल्या नंबरपासून क्रमाने पाणी उचलायचं. पहिल्याने फार ओरबाडलं की पाचवा पुढच्या फेरीत टोकन टाकेनासा होतो, आणि मग पहिल्याच्याही वाट्याचं घटतं. याला लागतं काय, तर पाच खुर्च्या, थोडे पुठ्ठ्याचे तुकडे आणि एक दुपार. दुधनेच्या लाभक्षेत्रात तो खेळवायचा तर मी एकच बदल करीन: ब्रह्मवाकडीच्या अंगाचा शेतकरी पाचव्या खुर्चीवर, आणि परभणीकडचा टेलवाला पहिल्या.