दोन डोसांमधले दिवस

केमोथेरपीचे डोस पुष्कळदा 21 दिवसांच्या अंतराने देतात. पहिले काही दिवस मळमळ, थकवा. साधारण 7 ते 14 दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा गर्दी टाळावी. ताप 100.4 अंश फॅरनहाइट झाला तर घरातली गोळी देऊन वाट पाहू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

तिसऱ्या आठवड्यात मात्र बहुतेकांना बरे वाटते. रुग्णाने सदा हसतमुख राहावे असे मी म्हणत नाही. रडू आले तर रडावे. पण हे बरे दिवस अंथरुणात का घालवायचे? माझ्या पेशंट असलेल्या एका मावशींच्या हातातून घरच्यांनी लाटणे काढून घेतले. मी म्हटले, लाटू द्या! दमल्या की थांबतील. परवा मावशीच म्हणाल्या, “डॉक्टर, पुढचा डोस बुधवारी. त्याआधी पापड उरकायचेत.”